शांतवन आढावांची मंडळी

हॉलंडमधल्या फेल्डहोवनच्या आमच्या ऑफिसात नवीन माणूस आला की पहिल्याच आठवड्यात टीम त्याला जेवायला घेऊन बसते. शांतवन आढाव आले तेव्हा मी तिथे बऱ्यापैकी मुरलेलो होतो. पुण्यातून आणखी एक मराठी माणूस येतोय म्हणून मी त्यांच्या शेजारची खुर्ची धरून ठेवली होती. ब्राम नावाचा आमचा डच सहकारी ट्रे घेऊन समोर आला आणि माझ्याकडे बोट दाखवत काळजीनं म्हणाला, "तुम्ही बीफ खात नसाल ना? हा निनाद खात नाही."

"मी खातो," आढाव म्हणाले.

"म्हणजे तुम्ही हिंदू नाही?"

"नाही. मी ख्रिस्ती आहे."

ब्रामनं ट्रे टेबलावर ठेवला. मग सौजन्यानं मान हलवून म्हणाला, "हो का? माझी आजीसुद्धा ख्रिस्ती होती."

टेबलावर कुणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. आढाव मात्र मनापासून हसले. हे वाक्य पुढे त्यांनी मला कितीतरी वेळा ऐकवलं. "आपल्याकडं कुणाचा आजा पैलवान असतो, कुणाचा आजा शाहीर असतो. ह्यांच्यात आजी ख्रिस्ती असते."

मी त्यांना पहिल्याच दिवशी आढावसाहेब म्हणालो. ते म्हणाले, "साहेब आमच्या गावात फक्त मिशनचा असायचा. मला दादा म्हण." तेव्हापासून ते माझे दादा झाले. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं आडवे, केस तेल लावून नीट बसवलेले, शर्टाची बाही कायम मनगटापर्यंत. मूळ गाव नेवासे तालुक्यात, शिक्षण नगरला, नोकरी पुण्यात आणि आता इथे. पुण्यात वीस वर्षं राहूनही त्यांच्या बोलण्यातलं नगर हललं नव्हतं. भेटले की "सलाम" म्हणायचे, निघताना "घरी सगळ्यांना सलाम सांग" म्हणायचे. माझ्या बायकोनं, मानसीनं, पहिल्यांदा ते ऐकून मला बाजूला घेऊन विचारलं, "हे मुसलमान आहेत का?" तिनं हळूच विचारलं होतं तरी त्यांना ऐकू गेलंच. म्हणाले, "वहिनी, आमच्याकडं असंच म्हणतात. देवानं एक तरी शब्द सगळ्यांना सामायिक ठेवला."

आइंडहोवनच्या आमच्या मंडळात गणपती मोठ्या हौशीनं बसतो. दादा दरवर्षी दोन दिवस आधी हॉलवर हजर असायचे. वायरी ओढणं, माइक लावणं, शिडीवर चढून माळा सोडणं ही सगळी कामं त्यांची. आरतीला मागे उभे राहायचे, टाळ्या वाजवायचे, शब्द त्यांना पाठ होते. प्रसाद दोन्ही हातांनी घ्यायचे. पहिल्या वर्षी मंडळाच्या वैदेही जोशींनी मोदक वाढता वाढता त्यांना विचारलं, "तुमच्याकडे दीड दिवसाचा की पाच दिवसांचा?"

"आमच्याकडं नाही बसत."

"का हो? काही अडचण?"

"अडचण नाही. आम्ही ख्रिस्ती."

वैदेहीवहिनींच्या हातातला मोदक तसाच राहिला. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्या म्हणाल्या, "पण मराठी किती सुंदर बोलता तुम्ही."

"घरात तेवढी एकच येते," दादा म्हणाले आणि ताट पुढे केलं.

हे ते रागानं बोलले नव्हते. घरी जाताना गाडीत त्यांनी मला लहानपणची गोष्ट सांगितली. गावात जनगणनेचा मास्तर आला होता. धर्म विचारला, वडील म्हणाले, ख्रिस्ती. मास्तरानं पुढचा रकाना न विचारताच भरला, मातृभाषा इंग्रजी. दादांच्या आईला ते कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठून आली. म्हणाली, "अहो मास्तर, इंग्रजीत पत्र आलं तर आम्ही तुमच्याकडंच वाचायला येतो, आणि तुम्ही असं लिहिता होय?" मास्तर ओशाळला, त्यानं खोडून मराठी लिहिलं. दादा म्हणाले, "आई शाळेत गेली नव्हती. पण आपण कोण हे कुणी दुसऱ्यानं लिहायचं नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं."

नाताळात त्यांच्याकडून फराळाचे डबे यायचे. करंज्या, चकल्या, शंकरपाळी, अनारसे. कुसुमवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आठवडाभर राबायच्या. ऑफिसातल्या एका मुंबईच्या मुलानं विचारलं, "दिवाळीचं उरलंय का?" दादा म्हणाले, "उरलेलं नाही बाबा, हे आमचं पहिलंच आहे." त्या मुलाच्या डब्यात मग त्यांनी दोन करंज्या जास्त घातल्या.

दर रविवारी ते चर्चला जायचे. आसपासचा सगळा ब्राबांट प्रांत मूळचा कॅथलिक, प्रोटेस्टंट तिथे मूठभर, आणि दादा होते प्रोटेस्टंट. सायकलवर अर्ध्या तासावरच्या एका खेड्यात त्यांना एक लहानसं, पांढऱ्या भिंतींचं चर्च सापडलं. एका हिवाळ्यात बर्फावरून घसरून वहिनींचा पाय मुरगळला, तेव्हा दोन-तीन रविवार मी त्यांना गाडीनं सोडायला गेलो आणि बाहेर थंडी म्हणून आत बसलो. समोर सगळी पांढरी डोकी. लाकडी बाकांच्या रांगा लांबपर्यंत, आणि माणसं फक्त पुढच्या तीन रांगांत, तीही विरळ. दादांची मुलगी रूथ तेव्हा प्राथमिक शाळेत होती. ती आत आली की सगळ्या म्हाताऱ्या वळून बघायच्या. प्रवचन सुरू व्हायच्या आधी टीने नावाच्या एक आजी पर्समधून पेपरमिंटच्या गोळ्यांची गुंडाळी काढायच्या आणि बाकावरून पुढे द्यायच्या. आधी रूथला, मग बाकीच्यांना. ती तिथली रीतच होती.

परत येताना दादा म्हणाले, "आम्ही तिघं गेलो की मंडळीचं सरासरी वय खाली येतं."

मला वाटलं ते आमच्या मंडळाबद्दल बोलतायत. ते म्हणाले, "तुमचं ते मंडळ. चर्चला जमणाऱ्यांना आम्ही मंडळी म्हणतो. नगरला पहिली मंडळी, दुसरी मंडळी अशी नावं आहेत." मग म्हणाले, "भारतात आम्ही शेकड्यात दोन. त्यातले मराठी किती म्हणशील, तर भाजीत मिठाएवढे. शाळेत, कॉलेजात, कंपनीत, कुठंही गेलो तरी आधी सांगावं लागायचं, आम्ही असे असे. मला वाटायचं, हॉलंडला गेलो की एकदाचा घोळक्यात जाऊन बसेन. कुणाला काही सांगायला नको. इथं येऊन बघतो तर घोळका कधीचाच उठून गेलेला."

मी स्वतः गणपतीपुरताच देवाच्या दारात उभा राहणारा माणूस.

रूथ मोठी होत गेली. मराठी तिला सगळं समजायचं, उत्तर डचमध्ये यायचं. दादांना त्याचं फारसं वाईट वाटत नसे. ते मराठीत विचारायचे, ती डचमध्ये सांगायची, दोघांचं छान चालायचं. ती फुटबॉल खेळायची, आणि चांगली खेळायची. मुलींच्या संघाचे सामने शनिवारी असायचे, त्यामुळे अडचण नव्हती. सतराव्या वर्षी तिला क्लबनं बायकांच्या मोठ्या संघात घेतलं. त्यांचे सामने रविवारी सकाळी. सामने रविवारीच का, असं दादांनी टीनेआजींना विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी प्रोटेस्टंट शनिवारी खेळायचे म्हणजे रविवार देवाला मोकळा राहायचा, आणि कॅथलिक रविवारी मिसा, म्हणजे त्यांची उपासना, आटपून मैदानावर जायचे. आता मिसा राहिली नाही, सामना राहिला.

दादांनी रूथला अडवलं नाही. रविवारी सकाळी घरातून दोन वाटा निघायला लागल्या. ती खांद्यावर बॅग टाकून सायकलवरून डावीकडे, हे दोघं उजवीकडे.

ती अठरा वर्षांची झाल्यावर एका संध्याकाळी मी आणि मानसी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. रूथला फोन आला. सरकारी सर्वेक्षणासाठी काही लोकांची नावं निवडतात, त्यात तिचं नाव आलं होतं. इथे घरोघर जाऊन जनगणना होत नाही, असं थोड्या लोकांना विचारून अंदाज बांधतात. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उत्तरं देत होती. घरात किती जण, तीन. शिक्षण, धूम्रपान, सायकल किती चालवतेस. ती हसत हसत सांगत होती. दादा कौतुकानं ऐकत होते. डचमध्ये आपली मुलगी सरकारशी इतकं सराईतपणे बोलते याचा त्यांना अभिमान होता. मग ती म्हणाली, "खेन." म्हणजे कुठलाही नाही. आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली.

फोन ठेवल्यावर दादांनी विचारलं, "कशाला खेन म्हणालीस?"

"धर्म विचारला," रूथ म्हणाली. या वेळी ती मराठीत बोलली, एकेक शब्द शोधत. "बाबा, मी खोटं नाही सांगू शकत. मी नाही मानत. तू रागावू नको."

"रागावलो नाही," दादा म्हणाले.

वहिनींनी कपात चहा ओतला. तो जरा बशीत सांडला, तो त्यांनी पुसला. आम्ही हवेबद्दल बोललो आणि लवकर निघालो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दादा मला म्हणाले, "चल, बाहेर चक्कर मारू." ऑफिसच्या मागच्या सायकलच्या वाटेनं आम्ही निघालो. मग ते बोलायला लागले. "माझा पणजा गावात पहिला ख्रिस्ती झाला. गावची विहीर आमच्या लोकांना आधीही बंदच होती, त्यात नवीन काही नव्हतं. पण भावकीनंही दार लावलं. बहिणीच्या लग्नाला त्याला बोलावलं नाही. मांडवाबाहेर उभा राहून त्यानं अक्षता टाकल्या आणि घरी आला. त्याला लोकांनी परत ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मला तिथं पहिल्यांदा कुणीतरी बस म्हणालं, आता मी उठणार नाही. नंतर आजा, मग माझा बाप. शिव्या खाल्ल्या, सवलती गेल्या, पण उठलं कुणी नाही."

मी म्हणालो, "रूथ लहान आहे अजून. बदलेल."

"तिच्यावर कुणी दगड मारला असता तर ती घट्ट धरून बसली असती, मी ओळखतो तिला," ते म्हणाले. "इथं कुणी काही म्हणतच नाही. दार उघडंच आहे, जायला आणि यायला. ती गप्पा मारत मारत बाहेर गेली, तिला उंबरा लागलासुद्धा नाही. आणि ती खोटं बोलली नाही. ते मीच शिकवलंय तिला. मग तक्रार कुणाची करू?"

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत चर्चच्या कारभाऱ्यांनी जाहीर केलं की ही मंडळी शहरातल्या मोठ्या मंडळीत मिळवायची आणि इमारत विकायची. छप्पर गळत होतं, आणि बाकांवर माणसं नव्हती. दादा तिथले सगळ्यात तरुण सभासद होते, पन्नाशी ओलांडलेले. त्यांनी एकच मागितलं. या नाताळात एक संध्याकाळ मराठी गाण्यांची करू द्या. कारभाऱ्यांचे प्रमुख हेंक म्हणून होते, सरळ, कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "जरूर करा. पण येणार कोण?"

दादांनी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निमंत्रण टाकलं. अर्ध्या तासात एकानं लिहिलं, "ग्रुपवर धार्मिक पोस्ट टाळाव्यात." त्याच्या वरच्याच बाजूला दत्तजयंतीच्या शुभेच्छा होत्या. मग वैदेहीवहिनींनी लिहिलं, "आमच्या सात वर्षांच्या माळा ज्यांनी बांधल्या त्यांच्याकडे कार्यक्रम आहे. आम्ही घरचे सगळे येतोय. मी बटाटेवडे आणणार. ज्यांना यायचं त्यांनी आकडा कळवा, म्हणजे बटाटे तेवढे उकडीन."

त्या संध्याकाळी खेड्यातल्या त्या रस्त्यावर गाड्या लावायला जागा उरली नाही. चर्चच्या बाहेरच्या खांबांना सायकलींची गर्दी. पुणे, ठाणे, नाशिक, कोल्हापूर, सगळं आत. बाक भरले, मुलं पुढे जमिनीवर बसली, काही लोक भिंतीला टेकून उभे राहिले. टीनेआजींनी सवयीनं पेपरमिंट पुढे सरकवलं, ते तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचलं नाही. त्यांनी रिकामा कागद हातात धरून मागे वळून बघितलं आणि त्या बघतच राहिल्या.

कुसुमवहिनींनी पेटी धरली. दादांच्या हातात टाळ होते. त्यांच्या आजोबांच्या वेळची गाणी होती, अभंगाच्या चालीवरची. शब्दांत येशू होता आणि चाल आमच्या सगळ्यांच्या ओळखीची. दुसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी टाळीचा ठेका धरला, मग सगळ्यांनी धरला. चौथ्या गाण्याला हेंकसुद्धा मांडीवर बोटं आपटत होते. प्रत्येक गाण्याआधी त्याचा अर्थ डचमध्ये रूथ वाचून दाखवत होती. वडिलांनी तिला विचारलं होतं, आणि ती सराव आटोपून ओल्या केसांनी तशीच आली होती. ती फार चांगलं वाचत होती. एका ओळीपाशी तिचा आवाज जरा अडखळला तेव्हा दादांनी टाळ खाली ठेवले आणि तिच्याकडे पाहिलं. ती पाणी प्यायली आणि तिनं पुढे वाचलं.

शेवटी बटाटेवडे आणि कॉफी. हेंक दादांचा हात बराच वेळ धरून उभे होते. "माझ्या लहानपणानंतर हे असं भरलेलं पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "पण आढाव, हे सभासद नाहीत."

"नाहीत," दादा म्हणाले. "शेजारी आहेत."

"निर्णय बदलणार नाही. तुम्हाला आशा वाटू नये म्हणून सांगतो."

"मला माहीत आहे."

वैदेहीवहिनी निघताना म्हणाल्या, "आता दरवर्षी करायचं हं हे." दादा म्हणाले, "हो, करू." इमारत विकली जाणार हे त्यांनी वैदेहीवहिनींना सांगितलं नाही.

वसंतात शेवटची उपासना झाली. मी गेलो होतो. शेवटच्या प्रार्थनेनंतर मोठं बायबल टीनेआजींनी छातीशी धरून बाहेर आणलं आणि हेंकनी दाराला कुलूप लावलं. सगळे रस्त्यावर उभे राहिले, कुणाला निघायचं सुचेना. इमारत एका जोडप्यानं राहायला घेतली. आता तिच्या उंच खिडक्यांतून संध्याकाळी स्वयंपाकघरातला दिवा दिसतो.

दादा नंतर शहरातल्या मोठ्या चर्चला गेले, एका इंग्रजी उपासनेलाही जाऊन आले. "माणसं चांगली आहेत," म्हणायचे, "पण मला कुठं बसावं ते कळत नाही." हळूहळू जाणं कमी झालं. टीनेआजी पुढच्या वर्षी गेल्या. त्यांच्या अंत्यविधीला त्यांच्या नातवंडांनी कुणाही पाद्र्याला बोलावलं नव्हतं. त्यांच्या आवडीचं संगीत लावलं, फोटो दाखवले. दादांनी मागच्या रांगेत बसून मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हटलं, एवढं त्यांनीच मला सांगितलं.

मग नेवाशाहून फोन आला की आईला आता एकटं राहता येत नाही. दादांनी परत जायचं ठरवलं. रूथ इथेच शिकणार होती, तिला खोली मिळाली होती. मी एकदा म्हणालो, "तिकडे तरी तुमची मंडळी आहे." ते म्हणाले, "आहे. चुलतभाऊ सांगतो, आजकाल पेटीचा आवाज जरा बेतानंच ठेवतात. पण माणसं येतात."

जायच्या आधीच्या रविवारी त्यांना सामान तोलायचा काटा हवा होता. मी फोन केला तर म्हणाले, "घरी नाही, मैदानावर ये." मी सायकलनं गेलो. कुंपणाबाहेरूनच मला ते दिसले. जॅकेटं घातलेल्या, कागदी कपातून कॉफी पिणाऱ्या आईबापांच्या रांगेत ते एकटेच कोट, टाय आणि पॉलिश केलेल्या बुटांत उभे होते. उपासनेची वेळ होती. डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, आणि आजूबाजूला लोक ओरडत होते. मी कुंपणापाशीच थांबलो.

चेंडू रेषेबाहेर येऊन त्यांच्या बुटाला लागला. त्यांनी डोळे उघडले. रूथ धावत आली आणि तिनं हात पुढे केले. दादांनी वाकून चेंडू उचलला, कोटाच्या बाहीनं त्यावरचा चिखल पुसला आणि तिला दिला.

"डांक यू," ती म्हणाली, परक्या मोठ्या माणसाचे आभार मानतात तसं. तिची नजर मैदानावर होती. तिनं चेंडू डोक्यामागे नेला, दोन्ही हातांनी लांब फेकला आणि त्याच्यामागे पळत गेली.

दादा तिच्याकडे बघत राहिले. मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे वळून त्यांनी डचमध्ये विचारलं, किती गोल झाले.